स्लॅपवरची पांढर

वैशाख लागला की विश्रामबागेतल्या आमच्या टायपिंगच्या क्लासात दुपारी तीनची बॅच कोणी घेत नाही. मी घेते, कारण तेव्हा चांगलं मशीन मोकळं मिळतं. क्लास वरच्या मजल्यावर आहे आणि त्याच्यावर नुसता सपाट स्लॅप. मशीनच्या बटणांना बोट लावलं की तव्याला लागल्यासारखं होतं. पंखा आहे, पण तो वरची गरम हवा खाली आणून देतो, बाकी काही नाही. समोरच्या ओळीत मागच्या वर्षीपर्यंत कौलं होती. आता चार घरांवर सळया उभ्या राहिल्यात. कौलं उतरवून रस्त्याकडेला रचून ठेवली होती, ती कोण घेऊन गेलं कळलं नाही. संध्याकाळी घरमालक गच्चीवर रबरी नळीनं पाणी मारतात. चर्र असा आवाज होतो, वाफ निघते आणि पाच मिनिटांत गच्ची पुन्हा कोरडी! त्या पाण्यावर एखादं लिंबाचं झाड जगलं असतं, असं मी त्यांना एकदा म्हटलं. ते म्हणाले, झाडाखाली भाडेकरू राहत नाहीत. बरोबरच आहे म्हणा.

आमचं स्वतःचं घर कराडजवळ मलकापूरला, कौलारू. आजोळ मात्र आटपाडीकडं, माणगंगेच्या काठाला. तिकडं पाऊसच इतका थोडा की कौलाचा उतार कोणाला लागतच नाही. सगळ्या घरांची छतं सपाट, आणि ती मातीची. त्याला माळवद म्हणतात. खाली बाभळीच्या तुळया, त्यावर काटक्या, तरवडाचा पाला, त्यावर चिखल आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. लांबून बघितलं तर गाव दिसतच नाही, जमीनच जरा उचलल्यासारखी वाटते. पावसाळ्यात सगळ्या घरांच्या डोक्यावर गवत उगवतं, आणि शेळी घरावर चढून चरते! मलकापूरच्या माझ्या मैत्रिणींना हे खोटं वाटायचं.

मी सांगतेय तो वैशाख चार वर्षांपूर्वीचा. मी अकरावीचे पेपर देऊन आले होते. मोठा दुष्काळ सरून एक पाऊस झाला होता, तरी रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावर फोडलेल्या खडीचे ढीग तसेच होते. मामा फौजेत हवालदार, लांब कुठंतरी वरच्या मुलखात. मामी आणि सात महिन्यांची बाळी, दोघीच घरी. शेजारच्या घरात तात्या, मामाचे चुलते, एकटेच. मामा रजेवर येणार होता आणि मामीला सोबत म्हणून मला धाडलं होतं. बाळी झाली तेव्हा मामा सीमेवर. त्यानं तिचं तोंडसुद्धा बघितलं नव्हतं.

आणि मामाचं घर म्हणजे गावातला पहिला स्लॅप! आधीच्या रजेत त्यानं जुनं माळवद पाडून तो घातला होता. पुढं सोपा, आत दोन खोल्या, आतनंच वर जायला जिना, भिंतींना गुलाबी रंग, वर सिमेंटचा कठडा. मागं गोठा तेवढा जुना राहिला होता, मातीच्या माळवदाचा.

मी गेले तर दाराला कडी. हाक मारली तर मामी गोठ्यातनं बाहेर आली, कडेवर बाळी.

"हिकडं ये गं सुमी. आमी हितं ऱ्हातूय."

"गोठ्यात? का?"

"घरात जाऊन बघ की."

गेले. दुपारचे चार असतील. आत पाऊल टाकलं आणि टाळूवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं. भिंती गरम. पितळी डब्याचं झाकण गरम. माठातलं पाणी कोमट. खरं म्हणजे दुपारपेक्षा संध्याकाळ वाईट होती. दिवसभर खाल्लेलं ऊन स्लॅप तिन्हीसांजेला बाहेर टाकायला बसायचा. सूर्य गेला तरी त्याचं चालूच. बाळीच्या मानेला, काखेत घामोळं उठून लाल चट्टे पडले होते. घरात घेतलं की ती दूध मधेच सोडायची, तोंड फिरवून रडायची. गोठ्यात नेलं की गप. तिथं मातीच्या छताखाली शेण, कडबा, म्हशीचा श्वास, सगळ्याचा एक ओला गारवा असायचा. छताला उजेडासाठी पाडलेल्या भोकातनं उन्हाचा एक कवडसा खाली यायचा आणि बाळी त्याच्याकडं बघत प्यायची.

"मग मामाला कळवलं का?"

"काय कळवू? तुमी एवढ्या हौसेनं बांधलं आन तुमची बायकू म्हशीशेजारी निजती म्हनून? गावात हसं व्हईल त्यांचं." मग जरा थांबून म्हणाली, "आन त्यांची चिठ्ठी आलीया. ह्या रजंत गोठा पाडून तितंबी स्लॅप टाकायचा म्हंत्यात. शिमिटाचं परमिट मिळालंय त्यास्नी."

म्हणजे काय ते लक्षात घ्या. गोठा गेला की बाळीला निजवायला गावात जागा नाही. तात्यांचं माळवद एका बाजूनं खचलेलं, त्याखाली ते स्वतःच जीव मुठीत धरून झोपायचे. मामी रोज गोठ्याच्या तुळईला हात लावून बघायची. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

मामावर सगळं ढकलू नये. तो लहान असताना ह्याच घराची तुळई वाळवीनं पोखरली आणि पावसाळ्यात अख्खं माळवद बैलावर बसलं. बैल दिवसभर मातीखाली हंबरत होता म्हणे. तेव्हापासून त्याच्या मनात होतं की आपल्या घरावर असं छत घालायचं जे कधी पडणार नाही. शिवाय मातीच्या छतातनं विंचू पडतात, कालवणात माती पडते, हेही खरंच. आणि माळवदालाही झाडं लागतातच की. तिकडच्या बाभळी अर्ध्या चुलीत आणि अर्ध्या छतात गेल्या. एकच बाजू रंगवून सांगायची मला सवय नाही, तरी सांगते, स्लॅपनं जे खाल्लं ते वेगळंच होतं.

स्लॅप घातला की त्याला पाणी पाजावं लागतं. वर मातीचे बांध घालून एकवीस दिवस पाणी साठवून ठेवायचं. ते एकवीस दिवस नेमके दुष्काळातले. मामाच्या विहिरीला तळाशी थोडं पाणी होतं, बाकी गाव टँकरवर. मामीनं मला हे भाकरी थापता थापता सांगितलं, अगदी सपाट आवाजात. "मी घागर घिऊन शिडी चढायची, जिना व्हायचा हुता. खाली टँकरला रांग. बाया काय म्हनल्या न्हाईत. नुस्त्या बघत हुत्या. वर पानी दिसल्यावर चिमन्या आल्या, कावळं आलं, एक मोर आला गं सुमी, मोर! म्या कुनालाबी हाकललं न्हाई." आणि वाळू? ती माणगंगेतनं आली, गाडीनं. उन्हाळ्यात नदीत वाळूत खड्डा केला की पाणी पाझरतं, त्याला झिरा म्हणतात. वाळू जिथनं काढली तिथला झिरा त्या वर्षी आटला. मामानं ते मुद्दाम थोडंच केलं? त्याला घर पाहिजे होतं.

तात्यांना हे सगळं ठाऊक होतं, पण त्यांचा प्रश्न निराळाच. त्यांनी तो मामाला स्लॅप ओतताना विचारला होता आणि गावभर अजून विचारत फिरायचे. "आरं, माळवद पडलं तर माती व्हती. तीच माती पुन्यांदा वर घालायची. ह्यो तुमचा शिलाप पडला म्हंजी त्याचं काय करायचं?" मामा म्हणाला होता, "पडतच नाही तात्या, गॅरंटी आहे." तर हे म्हणाले, "ते झालं. पर पडला म्हंजी?"

आता माती घालायच्या दिवसाचं सांगते, सगळं त्यावरच आहे. तिकडच्या बोलण्यात जमीन दोनच रंगांची. पिकते ती काळी आणि माणसं राहतात ती पांढरी. गावाबाहेर एका जुन्या, कधीच्या ओसाड वस्तीचं टेकाड आहे, त्याला पांढर म्हणतात. तिथली माती चिकट, खारट, तिच्यातनं पाणी मुरत नाही. वैशाखात मृगाच्या आधी सगळं गाव ती माती आणून आपापल्या माळवदावर नवा थर देतं. गाढवांच्या पाठीवर गोण्या, बायकांच्या डोक्यावर पाट्या, वर बाप्ये लाकडी चोपण्यानं धप्प धप्प करतायत, अख्ख्या गावाच्या डोक्यावर ढोल वाजल्यासारखं. केस, भुवया, पापण्या सगळ्यांच्या पांढऱ्या, पोरंसुद्धा म्हातारी दिसायची. कोणाच्या तरी पडलेल्या घराची माती कोणाच्या तरी उभ्या घरावर चढते आणि हे किती पिढ्या चाललंय कोणाला माहीत नाही. मला त्या दिवशी ते फार काही वाटलं नव्हतं, नाकात धूळ गेली एवढंच आठवतं. आता टाइप करताना वाटतंय.

आणि त्यात एक रीत. ज्या घरावर त्या साली माती पडत नाही, त्या घरात कोणीतरी गेलेलं असतं. सुतक असलेलं घर माती घालत नाही, पुढच्या वर्षी घालतं. म्हणून वैशाख संपताना बाहेरगावचा माणूस गावात शिरला की माळवदांकडं बघूनच ओळखतो, कुठं जाऊन आधी टेकायचं.

दुपारी पलीकडच्या वाडीची एक म्हातारी, डोक्यावर टोपली, रस्त्यानं चालली होती. सगळीकडं ओली पांढरी छतं, आणि मधे आमचा स्लॅप, कोरडा, काळपट. ती थांबली. टोपली खाली ठेवली. डोक्यावरचा पदर पुढं ओढून मामीला म्हणाली, "बाय माजे, कवा झालं गं?"

"काय झालं?"

"घरधनी फौजेत हुता नव्हं तुजा?"

मामीचा हात बाळीच्या पाठीवर होता तो तिथंच राहिला. मीच पुढं होऊन सांगितलं, "आवं आजी, मामा बरा आहे, येणार आहे रजेवर, हे सिमेंटचं आहे, ह्याला माती लागत नाही!" म्हातारी बावरली, "जळ्ळं माजं त्वांड" म्हणत गालावर मारून घेतलं, टोपली उचलून गेली. पण शब्द तर पडला होता. लढाई होऊन दोनच वर्षं सरली होती. शेजारच्या गावात दोन घरी तार आलेली सगळ्यांना आठवत होती.

मामी तात्यांकडं गेली. काय बोलली ऐकू आलं नाही. तात्या उठले, खोरं घेतलं आणि एवढंच म्हणाले, "चढ वर. पोराच्या घरावर माती न्हाई म्हंजी काय!"

आम्ही तिघांनी संध्याकाळपर्यंत स्लॅपवर पांढर घातली. मी चाळीसेक पाट्या वाहिल्या असतील, मान आत गेली. तात्यांनी चोपलं, पण इथं आवाज वेगळाच येत होता, टण टण. ते दोनदा थांबून खाली वाकून बघत होते. "धरत न्हाई गं," म्हणाले. "खाली माती असली म्हंजी माती धरती. ह्यो नुस्ता आरसा हाय." तरी घातली. आणि ऐका, दुसऱ्या दिवशी दुपारी घर गार! गोठ्याइतकं नाही, पण माणसानं बसावं असं. बाळी घरात दूध प्याली. मामी मला म्हणाली, "सुमी, आता त्यास्नी काय सांगायचं कारनच न्हाई. आल्यावर घरातच बसून जेवतील." त्या चार दिवसांत ती गाणं गुणगुणत होती, मी ऐकलंय.

पाचव्या दिवशी वळीव आला. गारा, वारा, तासभर धो धो. गावातल्या माळवदांनी पाणी प्यायलं आणि मग पन्हाळ्यांतनं दमानं, बोटाएवढ्या धारेनं सोडलं. आमची माती मात्र गुळगुळीत सिमेंटवरनं ताकासारखी घसरत गेली आणि कठड्याच्या कोपऱ्यातल्या पाइपात गच्च बसली. वर तळं झालं. जिन्याच्या डोक्यावरनं ते घरात उतरलं. गुलाबी भिंतीवरनं पांढरे ओघळ, सोप्यात घोटाभर चिखल, मामाचा गणवेशातला फोटो खिळ्यावरनं निसटून त्यात उताणा पडलेला. मामीनं आधी फोटो उचलला, पदरानं पुसला, आणि मग गोठ्यात नेऊन कडब्यावर ठेवला.

आणि मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आला.

मी त्याला ओढ्यापासून घेऊन आले. वाटेत तो बाळी, बाळीचं नाक कोणासारखं, हेच विचारत होता. दारात आल्यावर त्यानं वर बघितलं. कठड्यावरनं चिखल लोंबत होता.

"हे काय आहे? कोणी केलं हे?" मामी खाली बघत बाळीला थोपटत राहिली. "अगं, बोल की! फर्स्ट क्लास स्लॅप घालून दिला, त्याच्यावर चिखल? गावठीच राहायचं का जन्मभर?"

तात्या म्हणाले, "म्या घातली."

"का पण? सिमेंटला माती कोण घालतं, तात्या?"

"तुज्या नावानं इचारत आली हुती म्हातारी. कवा गेला म्हनून."

मामानं खोरं घेतलं, बूट काढले आणि एकटा वर चढला. दुपारपर्यंत त्यानं सगळा चिखल खरवडून खाली टाकला. पाइपात काठी घातली. मग घर धुतलं, भिंती पुसल्या, फोटो परत लावला. आणि घरात बसला. आम्ही सगळे गोठ्याच्या दारात, तो एकटा घरात. "बाळीला आण इकडं," म्हणाला. मामीनं नेऊन दिली. थोड्या वेळानं रडणं ऐकू आलं, मग मामाच्या शिट्ट्या, मग खुळखुळा, मग पुन्हा रडणं. मामी उठली नाही. दोन्ही हात मांडीत दाबून बसून राहिली. मामा बाहेर आला तेव्हा बनियन अंगाला चिकटलेलं, बाळी खांद्यावर, लालबुंद. त्यानं तिला मामीकडं दिलं नाही. तसाच गोठ्यात शिरला, म्हशीला बाजूला ढोसलं आणि कडब्यावर बसला. बाळीचं रडणं हळूहळू उसासे झालं. मग तिनं त्याच्या बनियनची पट्टी तोंडात घातली आणि झोपली.

"कधीपासनं ह्या गोठ्यात?" त्यानं विचारलं.

"होळीपासनं," मामी म्हणाली.

"चिठ्ठीत का नाही लिहिलंस?"

"तुमी लय खुशीत लिवत हुता."

तीन दुपारी तो असाच घरात जाऊन बसायचा, बाहेर येऊन गोठ्यात बसायचा. काही मोजत असल्यासारखा. चौथ्या दिवशी मला म्हणाला, "सुमे, तुझं अक्षर चांगलं आहे. तालुक्याला एक अर्ज लिही." मी लिहिला. सदर परमिटावरील सिमेंटची आता आवश्यकता नाही, तरी ते रद्द करावे. त्यानं सही केली, घडी घातली, पाकिटात टाकली आणि मला बजावलं, "हे कोणाला बोलायचं नाही. ऑर्डर आहे." चार वर्षं मी पाळली, आता मामा रिटायर होऊन स्वतःच सांगत सुटलाय, म्हणून लिहिते.

त्याच दिवशी गोठ्याच्या माळवदाला माती घालायची राहिली होती ती घालायला घेतली. तात्या पांढर भरत होते.

"गोठा पाडनार हुतास न्हवं रं?"

"परमिट नामंजूर झालं, तात्या. सरकार देत नाही म्हणतंय."

तात्यांनी खोरं टेकवलं आणि सरकारला ज्या शिव्या घातल्या त्या मी इथं टाइप करू शकत नाही. मग त्यांनी मामाकडं बघितलं, मग गोठ्याच्या दारात बाळीला पाजत बसलेल्या मामीकडं.

"कुठलं सरकार रं? दिल्लीचं का चुलीम्होरचं?"

मामीनं पदर तोंडात धरला. मामानं टोपी काढली, डोक्यावर टॉवेलची चुंबळ ठेवली आणि मातीच्या पाटीपुढं वाकला.

"हात लावा, तात्या," म्हणाला. "जड हाय."